एकशे एकतिसावा प्रश्न

एकशे एकतीस नंबरचा गोळा रिकामा असायला हवा होता, तो भरलेला होता. आणि दोनशे नंबरचा भरलेला असायला हवा होता, तो रिकामा होता. एवढं कळायला रविवारची सगळी सकाळ गेली.

खालची रक्त तपासायची लॅब बंद होती. वरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाभोवती घरातले सगळे जमले होते, पण जेवायचं नाव कुणी काढत नव्हतं. डॉक्टर पट्टी घेऊन बसला होता. मुलाच्या उत्तरपत्रिकेची छापील प्रत समोर, शेजारी बरोबर उत्तरांची यादी. एकेक ओळ पट्टीनं धरायची, यादीत बघायचं आणि मान हलवायची.

"थांब जरा," तो मुलाला म्हणाला. "भिंगाचं गणित तू सोडलं होतंस ना?"

"नंतर करणार होतो."

"त्याचा नंबर?"

"एकशे एकतीस."

"मग इथे गोळा कसा?"

प्रोफेसरनं वाकून पाहिलं. वयाच्या चौथ्या वर्षापासून मुलाचं हेच नाव होतं, आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, ठेवलेलं. अठरा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना त्याच्या आत्यानं, म्हणजे ताईनं, पाहिलं. रक्त हा तिचा रोजचा विषय. तरी तिला नजर काढून घ्यावीशी वाटली.

"सरकलं," तो म्हणाला. "एकशे बत्तिसाचं उत्तर एकशे एकतिसात गेलं. पुढचं सगळं एकेक ओळ वर सरकलं."

"अहो, मला समजेल असं कुणी सांगाल का?" वहिनी म्हणाली.

"शर्टाचं एक बटण चुकलं की शेवटपर्यंत सगळी चुकतात, तसं झालंय," डॉक्टर म्हणाला. "उत्तरं बरोबर, जागा चुकीच्या."

खिडकीशी आरामखुर्चीत अप्पा डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "न सरकता किती झाले असते, ते मोजा. ताईकडे द्या. मोजणं तिचं काम."

ताईनं खालून पेशी मोजायचं यंत्र आणलं. ओळीनं पाच बटणं. शंभर पुरे झाले की घंटी वाजते. तीस वर्षं ती त्या बटणांवर लोकांच्या पांढऱ्या पेशी मोजत आली होती. पहिलं बटण बरोबरचं, दुसरं चुकीचं. डॉक्टर वाचत गेला, ती दाबत गेली. घंटी एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजायला एक कमी पडला, तो भिंगाच्या गणिताचा.

"एकशे सत्त्याहत्तर बरोबर, बावीस चूक," ती म्हणाली. "बरोबरला चार, चुकीला वजा एक. सहाशे शहाऐंशी."

त्या वर्षी वैद्यकीयच्या प्रवेशाची रेषा सहाशे एकाहत्तरावर थांबली होती.

वहिनीनं टाळीच वाजवली. "म्हणजे मिळालंच होतं की हो! पंधरा जास्तच होते! मी म्हणत नव्हते? माझं पोर ढ असेलच कसं?"

"निकालात चारशे एक्क्याऐंशीच राहणार, मामी," मुंगी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस गं."

मुंगी म्हणजे ताईची एकोणीस वर्षांची मुलगी. टेबलाच्या टोकाला बसून उद्याच्या नळ्यांवर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तिचंही नाव अप्पांनीच ठेवलेलं. पाच वर्षांची असताना शेंगदाणे निवडायला दिले, तर सगळं सूप निवडून झाल्याशिवाय ती उठली नव्हती, तेव्हापासून मुंगी. तिची परीक्षेची ही दुसरी खेप. तिला सहाशे अडुसष्ट होते. तीन कमी. म्हणजे एक प्रश्न. दोन वर्षं, रोजचे अकरा तास, आणि एक प्रश्न. पण तिच्या उत्तरपत्रिकेवर आज कुणी पट्टी धरली नव्हती. तिचं काही सरकलेलं नव्हतं, मग बघायचं काय?

"दाद मागता येईल?" वहिनीनं विचारलं.

"कशाची? चूक त्याची आहे, यंत्राची नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी. एका वर्षानं काय होतं?"

"तेच ठरवायला बसलोय," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले.

ताईला कळलं, आता पुढचं वाक्य येणार.

अप्पांनी ही लॅब उभी केली, ती एका सूक्ष्मदर्शकावर आणि एका स्कूटरवर. सकाळी स्लाइड बघायच्या, दुपारी घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं. हा माणूस काचेवरची पेशी एका नजरेत ओळखायचा आणि बटण दाबायचा. दुसऱ्यांदा बघणं त्याला कमीपणाचं वाटे. माणसांचंही त्यानं तसंच केलं. ताई सात वर्षांची आणि तिचा भाऊ सहा वर्षांचा असताना त्यानं दोघांकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं: हा डोक्याचा, ही कष्टाची. भावाला त्या दिवसापासून घरात डॉक्टर म्हणू लागले. ताई विषमज्वरानं एक वर्ष मागे पडली, म्हणून पुढे दोघं एकाच वर्गात आली, एकाच वर्षी परीक्षेला बसली. या घरात घाम दाखवणं हे कमी डोक्याचं लक्षण होतं. जो पुस्तक घेऊन दिसला, तो कष्टाच्या खान्यात गेला.

"मी सांगतो ते शांतपणे ऐका," अप्पा म्हणाले. "लॅबला डोळे हवेत. माझे गेले. ताईच्या उजव्या डोळ्यात डाग आलाय. गेल्या महिन्यात त्या लहान मुलीची स्लाइड तिनं साधा संसर्ग म्हणून सोडली होती. डॉक्टरनं पुन्हा बघायला लावली म्हणून खरा आजार वेळेत कळला."

ते खरंच होतं. ताईनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

"तेव्हा पोरांपैकी एकाला लॅबच्या बेंचवर, सूक्ष्मदर्शकाशी, बसावं लागणार. मुंगीनं तंत्रज्ञाचा कोर्स करावा. हात चांगला आहे, चिकाटी आहे. प्रोफेसरनं पुन्हा परीक्षेला बसावं."

"आणि मुंगी?" ताईनं विचारलं.

"आत्ता सांगितलं की."

"तिला तीन कमी पडलेत अप्पा. याला एकशे नव्वद."

"ते सरकल्यामुळे गं," वहिनी म्हणाली.

"अगं, गणित नीट कर," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज शिकवल्यासारखा मऊ झाला. "मुंगीनं अकरा-अकरा तास घासून सहाशे अडुसष्ट काढले. म्हणजे तिची कमाल झाली. चिंधी पिळून झाली, आता थेंब कुठून येणार? यानं पुस्तकाला हात लावला नाही, तरी सहाशे शहाऐंशीचा पेपर लिहिला. त्याचं अजून सगळं शिल्लक आहे. एकच वर्ष द्यायचं तर ज्याचं शिल्लक आहे त्याला द्यावं."

चिंधी नवी होती. बाकीचं वाक्य ताईनं तीस वर्षांपूर्वी याच खोलीत ऐकलं होतं, शब्दाला शब्द. तेव्हा रेषा दोनशे एक्केचाळीसवर होती. तिला दोनशे तेहेतीस होते, भावाला दोनशे एकोणतीस. तिचे चार जास्त. पण तिनं ते खाली बेंचवर, नमुन्यांच्या मध्ये पुस्तक उघडं ठेवून, सगळ्यांसमोर मिळवले होते. आणि भावानं शीळ घालत. तिची कमाल झाली, याचं शिल्लक आहे. भाऊ दुसऱ्यांदा बसला. ती बेंचवर बसली, ती आजपर्यंत. मधे लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, आणि ती याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत परत आली. बेंच तेवढा तिथेच होता.

"प्रोफेसर," तिनं भाच्याला विचारलं, "शेवटी वेळ उरला होता का रे?"

"चाळीस मिनिटं."

"काय केलंस?"

"हाताची घडी घालून बसलो. हल्ली आधी उठू देत नाहीत."

"चाळीस मिनिटं हाताची घडी? एकदा वरून खाली बघितलं असतं, तर शेवटचा गोळा रिकामा दिसला असता."

"तपासायचं कशाला, आत्या? येतं त्याला येतं." त्यानं वडिलांकडे पाहिलं. "बाबा पण चाळीस मिनिटं आधी उठून आले होते. तपासला नव्हता त्यांनी."

डॉक्टर पट्टी पुसत होता. पट्टी स्वच्छच होती.

"पुढच्या वर्षी तपास म्हणजे झालं," वहिनी म्हणाली. "आणि क्लास लावू या एखादा चांगला."

"मी क्लासला जाणार नाही. आणि परत बसणारही नाही."

"काय?" अप्पा खुर्चीत सरळ झाले.

"वर्षभर घासून मिळवलं, तर त्यात काय? ते कुणालाही मिळतं." त्यानं मुंगीकडे बघायचं टाळलं, पण उशीर झाला होता. "सॉरी, मुंगे."

"कुणालाही मिळतं म्हणे," मुंगी म्हणाली. "मला नाही मिळालं. मी कुणीच नाही वाटतं?"

 मुंगीनं पुढची नळी उचलली.

ताई उठली. "डॉक्टर, जरा आत ये. चहा टाकायचाय."

"चहाला माणसं लागतात का दोन?" वहिनी म्हणाली.

"डबा वर आहे. माझा हात पोचत नाही."

स्वयंपाकघरात डबा ओट्यावरच होता. ताईनं गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं आणि दार लोटलं.

"त्याला सांग."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे काय ते."

डॉक्टर ओट्याला टेकला. पन्नाशीला आलेला, बाहेर लोक उठून उभे राहावेत असा माणूस. बहिणीसमोर तो अजून चौदा वर्षांचा होई. चौदाव्या वर्षीच त्याला पहिल्यांदा कळलं होतं की पुस्तक न उघडता आता येत नाही. तो इतका घाबरला होता की ताप आला होता. मग दुपारी तीनला अप्पांची स्कूटर गेली की तो लॅबच्या मागच्या कोठीत, रसायनांच्या बाटल्यांमागे, दार लावून बसायचा. ताई बाहेर पहारा करायची. स्कूटर परत येताना ऐकू आली की ती बेसिनचा नळ पूर्ण सोडायची. पाण्याचा आवाज ऐकला की तो पुस्तक खोक्यामागे टाकून मागच्या दारानं बाहेर पडायचा आणि पुढच्या दारानं शीळ घालत आत यायचा. चार वर्षं.

"तीस वर्षं झाली ताई. आता ते उकरून काय करायचं?"

"तुझं पोर परीक्षेला बसायचं नाही म्हणतंय. का? तर घासलं तर बापासारखा होणार नाही म्हणून. बाप दिवसाचे किती तास घासत होता ते त्याला ठाऊक नाही."

"बसेल तो. आज रागात आहे."

"आणि बसला तरी पुस्तक उघडणार नाही. तू कोठीत तरी उघडत होतास. त्याला तर खरंच वाटतंय. तू खोटं बोललास ते निदान पोट भरून बोललास. तो तुझ्या खोट्यावर उपाशी बसलाय."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. तीस वर्षं हळूच बोलतेय."

चहाचं पाणी उकळायला लागलं. त्यात पावडर टाकायचं कुणाला सुचलं नाही.

"अप्पांचं वय बघ," डॉक्टर म्हणाला. "त्यांच्याकडे आता दुसरं आहे काय? 'माझं पोरगं न शिकता शिकलं', एवढंच सांगत असतात येणाऱ्या-जाणाऱ्याला. झाकली मूठ आहे, राहू दे ना."

"मूठ तुझी. आत बोटं माझी चिरडली."

"तुला मी कधी कमी पडू दिलं का? माझ्या दवाखान्यातला एकेक नमुना इथे येतो. ही लॅब चालते कशावर?"

"आणि म्हणून आता मुंगी द्यायची?"

"द्यायची काय, ती काय नमुना आहे? चांगला कोर्स आहे. मानाचं काम आहे."

"मग प्रोफेसरला दे त्या मानाच्या कामाला."

 डॉक्टरच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. ही शक्यता त्याच्या मनात आलीच नव्हती, हे ताईला स्पष्ट दिसलं. तो रागावला असता त्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं. तो वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं गॅस बंद केला आणि बाहेर आली. मागोमाग तो आला, "ताई, ताई" करत.

"अप्पा," ती उभ्यानंच म्हणाली, "डॉक्टर कधी न शिकता शिकला नाही. चार वर्षं रोज दुपारी कोठीत बसून अभ्यास करायचा. शेवटच्या वर्षी तर नऊ-नऊ तास. तुम्ही दुपारी रक्त गोळा करायला गेलात की कोठीत, बाकीचा वेळ मित्राकडे जातो सांगून मित्राच्या माळ्यावर. मी पहारा करायची. तुमची स्कूटर आली की नळ सोडायची."

वहिनी हसली. "काहीतरीच काय ताई! यांनी आणि अभ्यास? हे तर वर्तमानपत्रसुद्धा मथळे वाचून टाकून देतात." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "माहीत आहे मला," ते म्हणाले.

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"भर उन्हाळ्यात, एक दिवसाआड पाणी येत असताना, मी आलो की माझ्या बेसिनचा नळ धो धो चालू. मला काय कळत नव्हतं? पहिल्याच आठवड्यात कोठीत जाऊन बघितलं. खोक्यामागे पुस्तक होतं. कोपरे दुमडलेले, ओळीन् ओळ अधोरेखित. तुझ्यापेक्षा जास्त घासत होता तो."

"मग तुम्ही..." ताईचा आवाज तिलाच परका वाटला. "मग शिल्लक कसलं होतं त्याचं? कमाल तर त्याचीही झाली होती."

"झाली होती."

"तरी तुम्ही म्हणालात—"

"एकालाच पाठवता येणार होतं गं. दुसऱ्यानं लॅबला हात लावला नसता तर घर चाललं नसतं. दोघंही मेहनती, असं म्हटलं असतं, तर निवडलं कशावर असतं?"

"गुणांवर. माझे चार जास्त होते."

अप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पडदा आला होता, आणि त्यातून तो तिला शोधत असल्यासारखा दिसला.

"तू बेंचवर बसलेली होतीस," ते म्हणाले. "तुझा हात तयार झाला होता. चांगला हात सोडवत नाही माणसाला." थोड्या वेळानं ते पुटपुटले, "काहीतरी कारण सांगावं लागतं. डोकं म्हटलं की कुणी वाद घालत नाही."

ताईला वाटलं, आता आपण ओरडणार. पण आतून काही वर येईना. आपल्यात डोकं कमी आहे, ही गोष्ट तिनं तीस वर्षं उंचीसारखी, वर्णासारखी मानली होती. स्लाइडवर नाव चुकलं तर रिपोर्ट रद्द करता येतो. हा रिपोर्ट ती रोज अंगावर वागवत हिंडली होती.

"बाबा," प्रोफेसर म्हणाला. तो कधी उभा राहिला ते कुणाला कळलं नव्हतं. "नऊ तास?"

डॉक्टरनं आधी अप्पांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. पळायला मागचं दार नव्हतं.

"नऊ," तो म्हणाला. "परीक्षेच्या आधी दहा."

"आणि चाळीस मिनिटं? ते तरी खरं?"

"उठलो होतो. ते खरं आहे."

"पेपर न तपासता?"

डॉक्टरनं टेबलावरची पट्टी सरळ केली.  "तीनदा तपासून झाला होता. चौथ्यांदा तपासत होतो, तेव्हा पोटात ढवळून आलं. तिथे टेबलावर होऊ नये म्हणून उठलो. बाहेर भिंतीशी उलटी केली. परत आत घेईनात."

"पण मला सांगितलंत की—"

"मी नाही सांगितलं. घरात सांगत होते. मी फक्त... नाही म्हणालो नाही."

प्रोफेसर हसल्यासारखं काहीतरी करायला गेला, ते जमलं नाही. त्यानं टेबलावरची आपली उत्तरपत्रिका उचलली आणि एकशे एकतिसाच्या ओळीवर अंगठा ठेवला.

"मला तपासता येत होतं, बाबा," तो म्हणाला. "शाळेत पहिलीपासून शिकवतात. माझे हात शिवशिवत होते. मी मुद्दाम घडी घातली."

वहिनी त्याच्याकडे जायला उठली. त्यानं तिला हातानं थांबवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. वहिनी मधेच उभी राहिली, आणि मग सगळा राग तिनं सापडेल तिथे टाकला. "झालं समाधान, ताई? स्वतःचं झालं नाही म्हणून माझा संसार उसवायचा! तीस वर्षं गिळलं होतंत, आज काय अडलं होतं?"

"मुंगी अडली होती," ताई म्हणाली. "मुंगी पुन्हा परीक्षेला बसणार. बेंचवर नाही बसणार. आज नाही, उद्या नाही, मी मेल्यावर नाही."

तिनं लेकीकडे पाहिलं. तिला कुठेतरी वाटलं होतं की मुंगी आता उठेल, जवळ येईल. मुंगीचे हात थांबले होते. पण ती आईकडे जसं बघत होती, तसं तिनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"आई, तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, सांगितलं तर त्याचं जाईल."

"आणि तुझं?"

"मला वाटलं, गुण बघतील."

"ते सोड. तुझं तू जाणे. माझं काय?" मुंगीचा आवाज चढला नाही, तिला तेवढीही सवय नव्हती. "मी पाच वर्षांची होते तेव्हा तू समोर होतीस. आजोबा मुंगी म्हणाले, तू हसलीस. दोन वर्षं रोज अकरा तास बसले. पेपरात अठरा प्रश्न सोडले मी, आई. त्यातले निम्मे येत होते. पण मनात येई, आपल्यात डोकं नाही, उगाच वजा एक होईल. अठरा सोडले! एक लिहिला असता तरी चाललं असतं. ही गोष्ट खोटी आहे, एवढं तू मला एका वाक्यात सांगू शकली असतीस."

ताई तिच्यासमोर खुर्चीत बसली.  

"मला वाटत होतं की ती खरी आहे," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल खोटी, हे माहीत होतं. माझ्याबद्दल मला खरीच वाटत होती."

मुंगीनं मान डोलावली. समजलं, एवढ्यापुरतीच. "मी बसेन परीक्षेला," ती म्हणाली. "पण या घरात राहून नाही. मैत्रिणीच्या खोलीवर जागा आहे. तिथे मला कुणी काही म्हणत नाही." ती मागच्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.



"हे सगळं ठीक आहे," अप्पा म्हणाले. "पण उद्या सकाळी सातला लोक उपाशीपोटी दारात उभे राहतील. स्लाइड कोण बघणार?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही, आणि पोरांपैकी कुणी बसणार नाही. ती लहान मुलगी थोडक्यात वाचली. पुढची वाचेलच असं नाही. लॅब बंद."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"असेल तर फिरेल, अप्पा. तुम्हीच म्हणालात ना, नाही म्हणून."

"अगं, पण खाणार काय?" डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात खरी काळजी होती, पण ताईला आज त्याची कीवही आली नाही. "ताई, तुझं सगळं आयुष्य या बेंचवर गेलंय. दुसरं तुला काय येतं?"

"बघेन काहीतरी. मेहनती आहे ना मी."

ती जिना उतरून खाली गेली. बंद लॅबमध्ये स्पिरिटचा वास होता, तिच्या साडीला, केसांना, मुलीच्या बाळपणीच्या दुपट्यांनाही लागलेला. दाराच्या आतल्या बाजूला वेळांचा पांढरा फळा टांगलेला होता. तिनं तो उतरवला, पुसला आणि बेंचवर आडवा ठेवला. उजव्या डोळ्याला अक्षराच्या मधोमध भोक दिसायचं, म्हणून तो मिटून तिनं सावकाश लिहिलं: उद्यापासून येथे नमुने घेतले जाणार नाहीत. ज्यांचे रिपोर्ट राहिले आहेत त्यांनी सकाळी दहापर्यंत न्यावेत.

मागे काठीचा आवाज आला. अप्पा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. ते तिच्या मागे येऊन उभे राहिले, धाप लागलेले. फळ्यावर वाकून त्यांनी नाकाशी आणून वाचलं, एकेक शब्द, बोट ठेवून.

"तात्पुरते, असं लिही," ते म्हणाले. "तात्पुरते घेतले जाणार नाहीत."

वर कुणीतरी ट्रंक ओढत होतं. ताईनं पेनाचं टोपण लावलं.